डालग्याखालची चोरचोळी

पाचव्या महिन्यात बाईने जड उचलू नये म्हणतात. मी फक्त कोंबड्या झाकायचं डालगं उचललं. ते एका सज्जन माणसाच्या डोक्यावर उपडं घातलं, तेही कामशेतच्या बाजाराच्या दिवशी, आणि वर त्याच्यावर रेलून उभी राहिले. एवढं सोडलं तर मी सगळी पथ्यं पाळली!

माझं माहेर अलिबागचं. आई मी लहान असतानाच गेली. घरात वडील आणि दोन काका, आणि या तिघांना कुठल्याही दुखण्यावर एकच औषध ठाऊक, एरंडेल. बायकांच्या रीतीभाती मला सांगणार कोण? लग्न होऊन घाट चढले ती तशीच कोरी. सासरी तांदळाचं दुकान, पुढे ओटा, मागे परसू. सासरे, म्हणजे आबा, कानांनी जड. आमचे हे तोंडाने जड (चार शब्द बोलले की दमायचे). दोघांच्या वाटणीचं बोलायला सासूबाई होत्या.

पहिल्या खेपेला तिसऱ्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला पाचवा लागला आणि घरात एकच धोशा सुरू झाला.

"हललं का गं?" सासूबाई भाकरी थापता थापता विचारायच्या.

"नाही अजून."

"हलंल. पाचव्यात हलतंच."

शेजारच्या गंगूमावशी कुंपणावरून मान काढून सांगायच्या, "पोटात मासोळी फिरल्यावानी वाटतं बघ! आमच्या थोरल्याच्या येळंला मी पानी भरत व्हते, हंडाच सोडला हातातला!"

मी आपली पोटावर हात ठेवून मासोळीची वाट बघत बसायची. एकदा वाटलंच! धावत चुलीपाशी गेले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. थोड्याच वेळात कळलं, की तो आदल्या रात्रीच्या वालाच्या उसळीचा प्रताप होता. साखर आबांनी खाल्ली.

आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मी मनातून फार भ्याले होते. बोलून दाखवत नव्हते एवढंच. दाराआड जाऊन पोटाला म्हणायची, "अरे बाबा, एकदा तरी हल की!" आणि भीती दाबायला मूठ मूठ कच्चे तांदूळ खायची. (तेही आंबेमोहोरच. डोहाळेसुद्धा दुकान बघून लागतात!)

अशात माझी जांभळी चोळी दोरीवरून नाहीशी झाली. मी घर पालथं घातलं. सासूबाई म्हणाल्या, "वाऱ्यानं गेली आसंल." वारा कसला, पान हलत नव्हतं! पण त्या माझ्याकडे न बघता सांडगे मोजू लागल्या. मला खटकलंच.

दुसऱ्या दिवशी मी माजघरात तांदळाच्या पोत्यापाशी होते (काय करत होते ते सांगायला नको). परसात सासूबाई आणि गंगूमावशी. एरवी सासूबाई बोलल्या की स्टेशनावर ऐकू जायचं. नेमक्या त्या दिवशी त्या कुजबुजत होत्या, आणि तिथेच माझा घात झाला.

"चोर... चोळी..." एवढं ऐकू आलं. मग, "बाजारादिशी दुपारी येनार हाय. मागल्या दारानं."

"सूनबाईला म्हाईत हाय?" गंगूमावशी.

"छ्या! तिला कळू द्यायचं न्हाई. कुनालाच न्हाई!"

झालं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावात चोळीचोर फिरतोय! एक चोळी नेली, उरलेल्या न्यायला परत येणार, आणि दोन जीवांची बाई घाबरेल म्हणून माझ्यापासून लपवतायत! आता चोर आगाऊ वर्दी देऊन कशाला येईल, आणि सासूबाई त्याच्या वाटेकडे डोळे लावून का बसतील, हे प्रश्न कुणालाही पडले असते. मला पडले नाहीत. मी ठरवलं, याला मी धरणार. पोटातलं ऐकत नाही तर नाही, निदान हा चोर तरी माझ्या हाताने पकडला जाईल! मी एकदा ठरवलं की ठरवलं. हे माझे वडील सांगायचे, आणि सांगताना कपाळाला हात लावायचे.

बाजाराचा दिवस उजाडला. पुढे दुकानात ही गर्दी. सासूबाई सकाळपासून मागच्या दाराशी येरझाऱ्या घालत होत्या. दुपारी आबांनी पाणी मागितलं म्हणून त्या आत वळल्या, आणि मी परसात रांजणाआड दबा धरला. तोंडात तांदळाचा बकाणा, शेजारी उताणं ठेवलेलं डालगं.

कुंपणाचं फाटक करकरलं. डोक्यावरून उपरणं ओढून एक किरकोळ माणूस वाकत वाकत आत आला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. काखेत गाठोडं, आणि गाठोड्यातून बाहेर लोंबत होती माझी जांभळी चोळी!

आणखी काय पुरावा पाहिजे? मी उठले आणि डालगं घातलं ते थेट त्याच्या कमरेपर्यंत! डालग्यात एक खुडूक कोंबडी होती, हे गडबडीत माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तीही त्याच्याबरोबर आत गेली.

"चोर! चोर!" मी ओरडले. तोंडातले तांदूळ चौफेर उडाले, बाकीच्या कोंबड्या धावल्या.

"वैनी, मी हाय! मी!" आतून आवाज आला, त्यावर कोंबडीचा कलकलाट.

"मी म्हणजे कोण?"

"चोरचोळी! वैनी, चोरचोळी!"

"वर तोंडाने कबूल करतोस?" म्हणून मी सगळा भार डालग्यावर टाकला.

बघता बघता अर्धा बाजार परसात. कुणी काठी घेऊन, कुणी तराजू घेऊन. स्टेशनावरचा हमाल तर कुणाचीतरी ट्रंक डोक्यावर घेऊन आला, आणि ट्रंकेमागे तिचा मालक! हे दुकानातून धावत आले, मला बघितलं आणि म्हणाले, "अगं...!" तेवढ्यात दमले.

सासूबाईंनी येऊन कपाळ बडवलं. "सोड त्यांला, बये! आपलं इब्राहिमभाई शिंपी हायती ते! चोरचोळी घिऊन आल्यात!"

"तेच तर म्हणतेय मी, चोळीचोर!"

"चोळीचोर न्हवं गं, चोरचोळी! पाचव्यात हिरवी चोळी देत्यात पोटुशीला. दिष्ट लागू नये म्हनून चोरून शिवायची, चोरून द्यायची! तुजी जुनी मापाला म्याच दिलती त्यांला!" हे सगळं त्या अर्ध्या बाजारासमोर, स्टेशनावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. तोवर कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट नाणे मावळापर्यंत पोचली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आणि तेवढ्यात पोटात आतून कुणीतरी एकदा हळूच ढोसलं. मग पुन्हा, चांगलं ठणकावून! मासोळी कसली? गंगूमावशींनी मला साफ फसवलं होतं. मी मटकन खालीच बसले.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. "काय झालं, पोरी? दुखतंय कुटं?"

"हललं," मी म्हणाले.

"काय हललं?" आबा मागच्या दारातून ओरडले. "चोर हलतुया व्हय? दाबून धरा!"

सासूबाई माझ्याजवळ धपकन बसल्या, पोटावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत रडायला लागल्या. त्याही तितक्याच भ्यालेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. मग मीही गळा काढला. यांनी डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. ट्रंकेचा मालकसुद्धा गाडी विसरून उभा!

डालग्यातून आवाज आला, "मावशी, लय चांगलं झालं! आता कोंबडीला तरी भाईर काडा!"

यथावकाश मुलगी झाली. ती चोळी मला घट्टच झाली, कारण माप जुनं आणि मी तांदळावर पोसलेली. पुढच्या दोन्ही खेपांना इब्राहिमभाई पुढच्या दाराने, भर उन्हात, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत यायचे, "वैनी, चोरचोळी आनलीय होऽऽ!"

परवा तीच मुलगी पाचव्या महिन्यात माहेरी आली. इब्राहिमभाई, आता दाढी पांढरी झालेले, ओट्यावर यांच्या सदऱ्याचं माप घेत होते. लेक माझ्याजवळ येऊन बसली. डोळे भरलेले. "आई, अजून हलत नाही गं."

मी तिला जवळ घेतलं. "भिऊ नकोस, बाळ. हलतं. तू नाही का हललीस? नाहीच हललं तर एखादा शिंपी धरायचा."

इब्राहिमभाईंनी फीत गुंडाळली, कात्री पिशवीत टाकली. "वैनी, माप उद्या घेतो," म्हणाले, आणि मागच्या दाराने निघाले. जाता जाता परसातलं डालगं उचललं आणि डोक्यावर घेऊन चालते झाले.

माझ्या डोळ्यांदेखत, खरोखरची चोरी! आणि या खेपेला माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही.