डाव्या बाजूची केबल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे, इंझोरीचे नाही. तिथे सांगायची माझी छाती नाही.

मी जहाजांच्या विजेचं डिझाइन करतो. वाशीम जिल्ह्यात समुद्र नाही, त्यामुळे गावात माझ्या कामाचं भारी कौतुक — आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? शेजारचा मिलिंद, माझा वर्गमित्र, इलेक्ट्रिशियन होता. त्याला जहाजावर मीच चिकटवलं. माझंच डिझाइन असलेल्या जहाजावर. जऊळक्याच्या स्टेशनवर त्याला गाडीत बसवायला त्याची आई आली होती, सुमनमावशी. हसत म्हणाली, "जहाज तुयाच हातचं हाय ना बाबू? मंग मले कायचं भेव!"

सुकाणू फिरवणाऱ्या मोटरींना वीज दोन केबलींनी देतात. एक जहाजाच्या डाव्या अंगाने, दुसरी उजव्या. एकीकडे आग लागली तरी दुसरी जिवंत राहावी म्हणून. आमच्या शिवारात गावाची लाइन आणि पंपांची लाइन एकाच खांबावर — वादळात खांब पडला की दोन्ही गेल्या. मी हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी ते जहाज बांधताना मी काय केलं? डावीकडे पाइपांची गर्दी झाली होती, जहाज सोपवायची घाई होती. मी तिथेच उभा राहून कामगारांना तोंडी सांगितलं — दोन्ही उजवीकडून न्या. नकाशा होता तसाच ठेवला. नंतर बदलू म्हटलं. विसरलो असतो तर एक वेळ ठीक होतं. मी विसरलो नाही — टाळलं.

मग आग लागली. उजवीकडेच. दोन्ही केबली जळाल्या, सुकाणू ठप्प झालं, जहाज खडकांकडे वाहू लागलं. मिलिंद धुरात शिरला — डाव्या बाजूची केबल शोधायला. ती त्याच्या नकाशात होती, जहाजात नव्हती. किती वेळ शोधली असेल त्याने? तो बाहेर आला नाही. जहाजही बुडालं.

चौकशीत मला विचारलं, केबली नकाशाप्रमाणेच होत्या ना? मी हो म्हणालो. समुद्राच्या तळाशी बघायला कोण जाणार होतं? मग दोष मिलिंदवर गेला. वीज वेळेत दुसऱ्या केबलवर वळवली नाही, म्हणे.

मी इंझोरीला भेटायला गेलो. सुमनमावशीने चहा दिला. मग समोर बसून हात जोडले. "बाबू, माह्या पोरानं तुयं जहाज बुडोलं. त्याले माफ कर."

तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला?

"जाऊ दे मावशी," मी म्हणालो. "केलं माफ." आणि चहा प्यायलो.

सांगून टाकावंसं वाटतं का? रोज वाटतं. सांगणार का? नाही. मी स्वतःला पुरता ओळखून आहे.

अजूनही गावी गेलो की ती लेकाच्या वतीने माझ्यापुढे हात जोडते. आणि मी जोडू देतो.