इति हे नाव मी ठेवलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीटसं कळत नाही.

माझ्या भावाच्या तिसऱ्या मुलीचं नाव इति. आत्या म्हणून मीच ठेवलं. तेव्हा मी जळगावला, मेहरूणमध्ये राहायचे. शाळेत मराठी शिकवायचे. भाऊ पिंपळनेरला, आईजवळ. बारशाच्या सकाळी आईने मला बाजूला ओढलं. "बठ्ठ्या पोरीच शेतस. आते पुरे. हिनं नाव ठेव नकुशी."

तिला तिथंच गप्प करायला नको होतं? एवढी शिकलेली मी! पण मला लाज वाटली ती — त्या शब्दाची फक्त. नकुशी म्हणजे गावंढळ. शाळेतल्या बायका काय म्हणतील? म्हटलं, "थांब, मी चांगलं शोधते." आणि पाळण्यावर वाकून त्या पोरीच्या कानात म्हणाले — इति. म्हणजे संपलं. आता मुली बस. आईला अर्थ सांगितला तेव्हा ती हसली. मीही हसले.

वहिनीला नाही सांगितला. ओली बाळंतीण ती, कानाला फडकं बांधून बसलेली. "अक्का, नाव भलतं गोड शे," म्हणाली.

पुढे मुलगा झाला. नावाला गुण आला म्हणून आईने पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

इति शाळेत जायला लागली आणि तिने अर्थ विचारला. "पूर्णत्व," मी म्हणाले. किती सहज! पोरगी गावभर सांगत सुटली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. धुळ्याला नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. तिथं कुणीतरी विचारलं — तुमच्यानंतर घरात मुली नको होत्या वाटतं? सगळे हसले म्हणे. "आत्या, खरं सांगा ना. आईपण ऐकतेय."

आईला — माझ्या आईला — जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता मला भीती कुणाची होती? तरी मी म्हणाले, "अर्धवट लोकांचं काय ऐकतेस? मराठी त्यांनी शिकवलंय की मी?"

ती हसली. मोकळं हसली. मग मागून वहिनीचा आवाज आला, "मी सांगत होते ना तुला? अक्का आपलं वाईट नाही करणार."

"नाहीच," मी म्हणाले.