मिरजकर बोर्ड पाहतात

मिरजकरांना एकही स्नोबोर्ड पसंत पडत नसे. आयर्लंडमध्ये बर्फ पडत नाही म्हटलं तरी चालेल; पडतो तो चहा होईपर्यंत वितळतो. त्यात लॉकडाऊन, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. आणि आमचे हे शेजारी ल्यूकनमधल्या आपल्या बागेत, शेडमध्ये बसून, बर्फाच्या पार्कात उड्या मारायचा आणि लोखंडी कठड्यांवरून घसरायचा बोर्ड निवडत होते. निवडत कसले, नाकारत होते.

आडनाव त्यांचं वेगळंच. मिरजेला डॉक्टर झालेले म्हणून आम्ही मराठी मंडळी त्यांना मिरजकर म्हणायचो. भूलतज्ज्ञ माणूस, इथल्या सरकारी हॉस्पिटलात त्यांची ड्युटी अतिदक्षता विभागात होती. घरात संसर्ग नको म्हणून गवत कापायचं मशीन बाहेर काढून त्यांनी शेडमध्ये पलंग टाकला. त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी दाराशी ताट ठेवून मागं सरायच्या. माझं ऑफिस चेरीवूडला, पण तेव्हा ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायचं आणि टेबलासमोरची खिडकी त्यांच्या शेडकडे उघडायची. मी काही कान बंद करून बसले नाही.

बोर्ड हवा होता ईराला, त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीला. शाळेची बर्फावरची सहल रद्द झाली, हट्ट तेवढा उरला. एरवी ही पोरगी बापाशी 'फाइन' आणि त्याच अर्थाचा इथला 'ग्रँड' या दोन शब्दांवर आठवडा काढायची. आता ती रोज संध्याकाळी शेडच्या बंद खिडकीशी यायची, काचेला फोन टेकवून एखादा बोर्ड दाखवायची, आणि मिरजकर आतून चष्मा कपाळावर चढवून तो न्याहाळायचे. मध्ये काच असल्यामुळे दोघंही ओरडून बोलायची.

"दोन्ही टोकं सारखीच? मग पुढचं कुठलं?"

"बोथ, बाबा! यू राइड इट बॅकवर्ड्स टू!"

"दोन्हीकडे तोंड असलेली माणसं आमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात भरपूर आहेत. पुढचा दाखव."

लग्नाचं स्थळ पाहावं तसा ते बोर्ड पाहायचे. उंची हनुवटीपर्यंत हवी, हे ईरानं पटवलं होतं. बाकीच्या अटी त्यांच्या. एक 'चेहऱ्यानंच उर्मट' म्हणून गेला. एकावर कवटीचं चित्र होतं. ते बघून मिरजकर म्हणाले, "या गृहस्थाला मी दिवसभर दारातून परत पाठवतो. घरात नको."

नोव्हेंबरात त्यांनी गॉलवेच्या एका दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला. शेडमधल्या पलंगावर मांडी घालून बसले आणि थेट साड्यांच्या दुकानात आल्यासारखे सुरू झाले. तो वरचा काढा. तो नको, त्याच्या मागचा. यात दुसरा रंग आहे? जरा उजेडात धरा. त्या बिचाऱ्यानं सगळं दुकान जमिनीवर मांडलं. शेवटी एक निळा बोर्ड निघाला. कठड्यावर घसरायला बोर्ड लवचीक लागतो, म्हणून मिरजकरांनी त्याला बोर्डावर उभं राहून वाकवून दाखवायला सांगितलं. तो वाकला, डोलला आणि पडद्यावरून नाहीसा झाला. खालून आवाज आला, "ग्रँड, डॉक्टर! लव्हली बोर्ड!"

"घरी विचारून कळवतो," मिरजकर म्हणाले.

लवचीकपणा म्हणजे काय ते स्वतः अनुभवल्याशिवाय कसं ठरवणार, असा पुढचा मुद्दा निघाला. एका रविवारी भर पावसात, रेनकोट घालून, त्यांनी प्रेसमधली, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातली, फळी दोन विटांवर ठेवली आणि बागेतल्या ट्रॅम्पोलीनवरून तिच्यावर उडी घेतली. फळी लवचीक नव्हती. त्यांच्याच हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, पाय कशानं मुरगळला? "स्नोबोर्डिंग," ते म्हणाले, आणि तिनं निमूटपणे त्यांचा ताप मोजला.

जानेवारी मात्र फार वाईट गेला. ते ड्युटीवरून यायचे आणि कितीतरी वेळ गाडीतच बसून राहायचे. एकदा मी भिंतीवरून विचारलं, "भाऊजी, तो निळा बोर्ड चांगला होता की. मऊ, बेताच्या उंचीचा, तोंडानं गरीब. घेऊन का टाकत नाही?"

मला वाटलं, यावर काहीतरी तिरकस ऐकायला मिळेल.

"घेतला की संपलं ना, वहिनी," ते म्हणाले. "मग ती खिडकीशी कशाला येईल? आज सकाळपासून मी दोघांच्या घरी फोन केले. काय सांगायला, ते तुम्हाला कळलंच असेल. इथं आलो की पोरगी म्हणते, बाबा, हा बघ. तेवढ्यावर उद्याचा दिवस निघतो."

मी भांडी घासायचं निमित्त करून आत आले आणि चांगली रडले.

लशीचे दोन्ही डोस झाले, हॉस्पिटलातली गर्दी ओसरली आणि मार्चमध्ये मिरजकरांनी शेडमधला पलंग घरात हलवला. त्या संध्याकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसून त्यांनी जाहीर केलं, "ईरा, ठरलं. निळा घेऊन टाकू." आवाज असा, की जणू मुलीची पाठवणीच करतायत.

ईरा आत गेली आणि जिन्याखालच्या प्रेसमधून तोच निळा बोर्ड घेऊन आली. नलिनीवहिनींनी तो ख्रिसमसलाच मागवून दिला होता. म्हणजे गेले तीन महिने ही पोरगी थंडीवाऱ्यात खिडकीशी उभी राहून, बोर्ड घरात असूनही रोज नवा बोर्ड दाखवत होती.

"मग मला का नाही सांगितलंस?" मिरजकरांनी विचारलं.

"यू वेअर ऑल ऑन युअर ओन आउट देअर, बाबा."

त्यांनी बोर्ड मांडीवर घेतला. दोन्ही टोकांवरून हात फिरवला. बराच वेळ मान खाली घालून तो दाबून पाहिला, चष्मा पुसला, परत दाबला.

"जरा कडक वाटतो," ते म्हणाले. "दुसरा बघू या."

"बघू," ईरा मराठीत म्हणाली, आणि फोन काढून त्यांना अगदी खेटून पायरीवर बसली.