पांढऱ्या तिच्याकडे

हरायला जाताना इतक्या हौसेनं इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस कराडच्या माझ्या साडूंखेरीज भूतलावर दुसरा नसेल. पलटणीतून पेन्शनीत निघालेला हा गृहस्थ दरवर्षी सांगलीच्या झटपट बुद्धिबळ स्पर्धेला जायचा, सोबतीला मला न्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधीच बाहेर पडायचा. खेळायचं ते काळ्या सोंगट्यांनी. घरी अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, पांढऱ्या कधी सोडायचीच नाही. त्यामुळे पहिली खेळी आपणही करू शकतो हे साडूंच्या अंगवळणीच पडलं नव्हतं. स्पर्धेत पांढऱ्या वाट्याला आल्याच, तर कडेचं प्यादं उगाच एक घर सरकवून म्हणायचे, "हां, आता करा सुरू." त्यातून शह दिला की समोरच्यानं "बघितला" म्हणायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. तोवर साडू आपली वेळ थांबवणारी घड्याळाची कळ दाबत नसत. सांगलीत कोण कशाला म्हणेल? समोरचा गप्प बसायचा, साडूंची वेळ संपायची आणि मी कपाळाला हात लावायचो. "पावणं, राजावर गेलो तर त्यानं 'बघितला' म्हणाय नगं व्हय?" हे वर मलाच ऐकावं लागे. घरी अक्का म्हणायची, "सांगलीत एक डाव मारून या, मग पांढऱ्या तुमच्या."

यंदा अक्काला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, नजर छताला लागली. डॉक्टरांनी मान हलवली, आम्ही सगळ्यांनीही आशा सोडली. साडू मात्र शर्टाला इस्त्री करत म्हणाले, "डाव मारला म्हटल्यावर बघंल ती माझ्याकडं." मला ते ऐकवेना, पण गेलो. समोर फलटणचा एक चलाख गडी आला. साडूंनी सिसिलियन नावाचा आपला तिखट बचाव मांडला, हत्ती देऊन घोडा घेतला, कोपऱ्यातल्या उंटाची वाट मोकळी केली आणि वजीर थेट पांढऱ्या राजाशेजारी नेऊन ठेवला. "शह," म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून गड्याच्या तोंडाकडे बघत बसले. तो गप्प. साडूंची वेळ संपली, गडी हसला, मी डोळे मिटून घेतले. पंचांनी वाकून पट बघितला. "आजोबा, शह कसला, मात झाली की. वेळ त्यानंतर संपली. डाव तुमचा."

घरी आल्या आल्या साडूंनी खाटेजवळ पट मांडला आणि अक्काला सगळा डाव सांगितला, उंटासकट. तिची नजर छतावरून हलली नाही. मग त्यांनी पट फिरवून पांढऱ्या तिच्या बाजूला केल्या.

"पांढऱ्या आता तुमच्या ना?" मी विचारलं.

"मीच सुरू केलं तर तिनं उठायचं कशाला?" ते म्हणाले, आणि तिच्या पहिल्या खेळीची वाट बघत बसले. अजूनही बसतात. मी गेलो की पट मांडलेला असतो, आणि एकही प्यादं हललेलं नसतं.