टॉवेलाची पारख

दुकानात एक बाई टॉवेलावरून हाताची मागची बाजू फिरवत होती, आणि मला आई आठवली. सोलापूरच्या कारखान्यात ती टॉवेल तपासायची. सुटलेला धागा तिला अशाच स्पर्शाने कळायचा. संध्याकाळी केसांत कापसाची पांढरी धूळ घेऊन घरी यायची.

माल सगळा परदेशी जायचा. कंपनीने कामगारांना थोडे शेअर दिले होते. ते विकून माझी कॉलेजची फी भरायचं ठरलं, आणि नेमका तेव्हाच रुपया वधारला. शेअर कोसळला. मी तेव्हा कामगारांसाठी पत्रकं लिहायचो.

"माझ्या टॉवेलात काय खोट निघाली रे?"

"खोट नाही गं आई. डॉलर मोडल्यावर आता कमी रुपये हाती येतात. कंपनीचा नफा घटणार, म्हणून शेअर उतरला."

"म्हणजे हात माझे आणि भाव डॉलरचा! घाल की तुझ्या पत्रकात."

मी घातलं. कारखान्याच्या फाटकावर वाटलंही. त्यातला एकही शब्द आजही मागे घेणार नाही. आईने मात्र पडत्या भावात शेअर विकले आणि उरलेल्या फीसाठी वर्षभर जादा पाळ्या केल्या.

"वीण छान आहे. दोन द्या," दुकानातली बाई म्हणाली.

किंमत तिने नंतर विचारली.