शालीने धरलेली जागा

वाशीमच्या स्टँडवर मानोऱ्याची बस लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. एक बाई मात्र शाल टाकायची, आणि तीही ऐन थंडीत, खिडकीची जागा कोणालाच नको असताना.

एकदा मी तिच्या शेजारी बसले. वाटेत तिचा चेहरा लालबुंद झाला, मानेवरून घाम ओघळला. तिने खिडकी उघडली. मागचे म्हातारबाबा ओरडले, "काहून उघडली? थंडी वाजून राह्यली न!"

"बाबा, माही पाळी जाऊन राह्यली. अंगाची आग होते. जरासा दम धरा," ती साऱ्या बसला ऐकू जाईल अशी बोलली. बाबांनी मफलर कानावर ओढला. ती घोटभर गार पाणी प्यायली, खिडकी लावली आणि मजेत हसली.

तशीच आग मलाही व्हायची. स्तनाच्या कॅन्सरमुळे त्यावरच्या हार्मोनच्या गोळ्या मला चालणार नव्हत्या. "दुसरी औषधं आहेत, फार त्रास होतो का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी लाजून "नाही" म्हटलं होतं.

परवा त्यांना खरं सांगून आले. आज बस लागताच मी खिडकीतून शाल टाकली. आत चढले, तर पुढच्या खिडकीत ती आधीच बसली होती.

"तुमाले बी होते काय, मॅडम?"

"होते ना!" मी म्हटलं. साऱ्या स्टँडला ऐकू गेलं असेल.