माहेरावरचा निबंध

पोरगं बारावीला गेलं त्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं. मुख्य विषय स्त्री अभ्यास. दर रविवारी आमच्या डोंगरकडा गावाहून गाडी धरायची, हिंगोलीला अभ्यासकेंद्रात बसायचं आणि दिवेलागणीला परत. घरात कुणी अडवलं नाही. आमचे हे नुसते हसले. "बायकांचा अभ्यास व्हय? मी वीस वर्षं करून राहिलो, अजून पास न्हाई झालो."

वर्गातल्या पोरी मला काकू म्हणायच्या. मला तिथं फार आवडायचं, हे आधीच लिहून ठेवते. पुढं जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटेल, ही नुसत्या कागदासाठी गेली होती. तसं नव्हतं. रोज घरात घडणाऱ्या गोष्टींवर कुणी इतका विचार केलाय, हे मला तिथंच कळलं. येताना गाडीत डोकं भणभणत असायचं.

दुसऱ्या वर्षी निबंध दिला. विषय, माहेर. मी लिहिलं की बाईला बापाच्या जमिनीत कायद्यानं हिस्सा असतो, पण ती मागत नाही. मागितला तर माहेर तुटेल, ही भीती तिला परकरात असल्यापासून घातलेली असते. ती जमीन सोडते आणि बदल्यात दिवाळीची साडी आणि चार दिवसांचा मुक्काम घेते. मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला. "काकू, हे पुस्तकातलं नाही, जगलेलं आहे," म्हणाल्या.

त्याच वर्षी सासरे गेले, सासूबाई आधीच गेल्या होत्या. सातबाऱ्यावर ह्यांचं आणि नणंदेचं नाव लागलं. नणंद एकच, ह्यांच्या पाठची, औंढ्याकडच्या एका खेड्यात दिलेली. आमच्याकडं अशा वेळी बहिणीनं हक्कसोड करून द्यायची रीत आहे. रजिस्ट्री ऑफिसात जायचं, माझा हिस्सा मी भावाला राजीखुशीनं सोडला असं लिहून द्यायचं. मग भाऊ साडीचोळी करतो, बाई डोळे पुसत सासरी जाते.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते. हे म्हणाले होते, "राहू दे तिचं नाव. तिला पण लेकरं हायेत." ह्यांना हक्कसोड नको होती. मला पाहिजे होती. आमचं हळदीचं रान विहिरीला लागून आहे. ते अर्धं झालं तर माझ्या पोराचं काय, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. मी चार-आठ दिवस जेवणाच्या वक्ताला तेच तेच बोलले. शेवटी हे म्हणाले, "तूच विचार तिला. मला न्हाई जमणार."

मला विचारावं लागलंच नाही. ती आली आणि चुलीपाशी बसून तिनंच विषय काढला.

"वैनी, आमच्या घरचे म्हणून राहिले, सही करू नको. मला तर काई समजत न्हाई. तू शिकून राहिलीस. तू सांग, करू का नको?"

तिनं हे भावाला विचारलं नाही, गावात कुणाला विचारलं नाही. मला विचारलं, शिकलेली म्हणून. आणि मला निबंध पाठ होता.

"ताई, कायद्यानं हिस्सा हाय तुमचा," मी म्हणाले. "घ्या. पर मग भाऊबंदकी आली. मग हे घर माहेर राहीन का, तेवढं बघा."

ती रडायलाच लागली. "न्हाई गं बाई. मला माहेर पायजे."

रजिस्ट्रीत बाबूनं विचारलं, "राजीखुशीनं ना?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि व्हय म्हणाली. तिचा अंगठा यंत्रावर उमटेना, कामानं रेषाच गेल्या होत्या. मी माझ्या पदरानं तो पुसून दिला. मग उमटला.

पुढं एकदा वर्गात हक्कसोडीवर बोलणं निघालं. मी उभी राहून आमच्याच घरातलं म्हणून सांगितलं. "घरच्या माणसांपुढं माझं काही चाललं नाही," म्हणाले. सांगताना मला रडू आलं, पोरींचेही डोळे भरले. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला. माझं रडणं खोटं नव्हतं. सांगितलेलं तेवढं खोटं होतं. त्या विषयाच्या पेपरात मला चांगले मार्क पडले.

पदवी मिळाली त्यानंतर वर्षभरात नणंदेचा नवरा गेला. तिकडं दिरांनी तिला एक खोली दिली, वावर दिलं नाही. आता हळद काढायच्या दिवसांत ती बायांच्या टोळीत आमच्याच रानात मजुरीला येते. हे घरी जेवायला बोलावतात, ती येत नाही. बायांबरोबर बांधावर भाकर खाते. "काहून गं, माहेर ना तुझं हे?" एक बाई तिला म्हणाली, तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. "व्हय, म्हणून तर येती," ती म्हणाली आणि हसली. कुचकं नाही, साधंच. तिनं मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

यंदा ती पोरीला घेऊन आली. पोरीची बारावी झालेली. "वैनी, हिला तुझाच विषय घ्यायचाय. काय असतंय त्याच्यात, तू समजावून सांग."

माझी सगळी पुस्तकं आतल्या कपाटात आहेत. बाई आणि मालमत्तेच्या धड्यावर मीच शाईनं रेघा मारून ठेवल्यात. पोरगी हुशार आहे. धडा वाचल्यावर तिला आईचा अंगठा समजायला वेळ लागणार नाही.

"त्यात नोकरी न्हाई बाळा," मी म्हणाले. "नर्सिंग कर. लवकर पायावर उभी राहशील."

नणंदेनं लगेच मान हलवली. "बघ, मामी सांगून राहिली. तिला समजतंय त्यातलं."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. "मग मामी, तुमी काहून केलं?"

मी मांडणीवरच्या कपबशा काढल्या. त्या धुतलेल्याच होत्या, तरी मोरीत नेऊन पुन्हा धूत बसले. बाहेर नणंद तिला सांगत होती, की मामीचं ऐकायचं, मामीनं आजवर आपलं वाईट कधी केलं न्हाई.